लावणीची गाणी

आये,

तुझ्या कॅसेटबद्दल मी आजवर कुणापाशी नीट बोललेली नाही. बोलायला लागलं की ऐकणारा आधी त्या चित्राबद्दल विचारतो, मग हसतो, मग मीही हसते, आणि गाण्यांचं बोलायचं राहूनच जातं. तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की तुला खाचरात गाताना पाहिलेली माणसंही वाडीत मोजकीच उरली आहेत. मी चाळिशी ओलांडून पुष्कळ पुढे आले. लिहिते, छापून येतं, कधी कुणी चांगलं म्हणतं. पण एखादं वाक्य कागदावर नीट बसलं की मला अजून वाटतं, हे तुझ्या हाताखालून पास झालं असतं का? 'हाताखालून' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. तू गाणी कानाने तपासत नव्हतीस, हाताने तपासायचीस.

मला दिसतं ते असं. तू चुलीपुढे बसली आहेस, तांदळाची भाकरी थापते आहेस आणि ओठांत काहीतरी पुटपुटते आहेस. मी विचारते, 'काय गो आये?' तू नुसती मान हलवतेस, म्हणजे अजून झालेलं नाही. त्या पुटपुटण्याची हळूहळू ओळ होते, ओळीला ओळ लागते, आणि भाताची लावणी सुरू झाली की ते सगळं खाचरात उतरतं. तुम्ही बायका चिखलात एका रांगेत, कमरेत वाकलेल्या, पाठीवर पावसासाठी इरली, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने एकेक रोप खोवत मागे मागे सरकणाऱ्या. तू नवी ओळ टाकतेस, काकी आणि वरच्या घरची आते ती उचलतात. तुझं लक्ष मात्र त्यांच्या गळ्याकडे नसतं, हातांकडे असतं. एखाद्या शब्दापाशी कुणाचा हात जरासा अडला, की तो शब्द गेला. दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा असायचा. 'हात अडला की शब्द खोटा,' एवढंच तू म्हणायचीस. चौथीत असताना मी पुस्तकातल्या कवितांच्या थाटात एक कडवं रचून तुझ्या गाण्याला जोडलं होतं. त्यात 'सृष्टीसौंदर्य' असा शब्द होता. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, 'बाय, ह्या शब्दावर माज्या हातातली मूठ पडंल.' मी रडले. तू समजूत काढली नाहीस. दुसऱ्या दिवशी मला खाचरात उभी केलीस, हातात रोपं दिलीस आणि म्हणालीस, 'आता म्हण तुजां कडवां, आनि लाव.' तो शब्द म्हणता म्हणता माझं एक रोप धड उभं राहिलं नाही. काकी हसून हसून बांधावर बसली. पुढे मला पुष्कळांनी लिहिण्याबद्दल पुष्कळ सांगितलं, पण त्या रोपांइतकं स्पष्ट कुणी नाही.

खेडच्या एसटी स्टँडजवळ कॅसेटचं दुकान असलेल्या त्या गृहस्थांची सासुरवाडी आपल्या शेजारच्या वाडीत होती. ते दिवस कॅसेटचेच होते. ज्या घरात धड कपाट नव्हतं त्या घरात मुंबईहून आलेला टेपरेकॉर्डर भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला असायचा. लावणीच्या दिवसांत ते बांधावरून चालले होते, ते थांबले. छत्री खांद्यावर टाकून बराच वेळ ऐकत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, 'वहिनी, ही गाणी कुणाची?'

'कुणाची म्हंजे? आमची.'

'तसं नाही. केली कुणी?'

काकी चिखलातूनच ओरडली, 'तिनंच केली! आनि कोन करतंय? आमाला येळ हाय?'

त्यांनी बाबांची परवानगी मागितली. बाबा तेव्हा लोट्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत नुकते कायम झाले होते. कॅसेट काढायची म्हणजे फोटो काढण्यासारखं काहीतरी असेल असं त्यांना वाटलं असावं. 'गाऊ दे की,' ते म्हणाले, 'घरात गाते ती दुकानात गाईल.'  त्या पुढच्या हिवाळ्यात चुलीपुढचं तुझं पुटपुटणं वाढलं, आणि भाकऱ्या बऱ्याचदा करपल्या.

वैशाखात, शाळेला सुट्टी असताना, आपण खेडला गेलो. तू, काकी, आते आणि शेपटासारखी मी. दुकानाच्या मागच्या लांबट खोलीत त्यांनी भिंतींना लग्नातल्या गाद्या टांगल्या होत्या, म्हणजे आवाज घुमणार नाही. पंखा बंद. मधोमध तीन खुर्च्या, त्यांच्यापुढे माईक, आणि कोपऱ्यात पेटीवाला. तुम्ही तिघी खुर्च्यांवर बसलात, लग्नात फोटोला बसतात तशा, पदर सारखे करून. पेटी सुरू झाली. आणि तुला पहिली ओळ आठवेना. आठवली तर दुसरी येईना. आते भलतंच कडवं म्हणायला लागली. तुझ्या कपाळावर घाम होता. तुला काही येत नाही असं मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. कॅसेटवाले भले होते. म्हणाले, 'घाबरू नका वहिनी, पाणी प्या.' तू म्हणालीस, 'घाबरत न्हाय वो. ही पेटी पुढं जाते. आमी मागं जाताव. कसां जमायचां?'

पेटीवाल्याला चहा पाजून घरी पाठवलं. खुर्च्या बाहेर गेल्या. मग तू उठलीस, पदर खोचलास, साडी गुडघ्यापर्यंत वर ओढून काष्ट्यासारखी बांधलीस. कॅसेटवाल्यांनी घाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. पण रिकाम्या हाताने काही होईना. काकी म्हणाली, 'हातात कायतरी पायजे.' त्यांची बायको आतून बाजारातल्या कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन आली. तुम्ही तिघी खोलीच्या एका टोकाला शेजारी शेजारी रांगेत उभ्या राहिलात, कमरेत वाकलात, डाव्या हातात कोथिंबिरीची जुडी धरलीत आणि शेणाने सारवलेल्या त्या कोरड्या जमिनीवर एकेक काडी खोवल्यासारखं करत मागे सरकायला लागलात. आणि गाणं आलं. जणू ते इतका वेळ त्या कमरेतच अडकून पडलं होतं.

मागं मागं सरतंय बाय, पुढं हिरवां व्हतंय,
पाठ माजी वाकली तवा रान उभां ऱ्हातंय.

कॅसेटवाल्यांनी माईक काठीला बांधला आणि चपला काढून, अनवाणी, वाकून, ते तुमच्यापुढे पुढे येत राहिले. तुम्ही मागे, ते पुढे. दोन ओळी झाल्या आणि तुमच्या पाठी गादीला टेकल्या. खोली संपली होती. तुम्ही थांबलात, तशाच वाकलेल्या पुन्हा समोरच्या टोकाला चालत गेलात, बांगड्या वाजल्या, आतेने एक श्वास टाकला, आणि तिथून तू पुढच्या दोन ओळी उचलल्यास.

वाट माजी पाठीमागं, मला दिसत न्हाय,
पायांनीच वळखतंय गो, बांध कुठं हाय.

कॅसेटवाले म्हणाले, 'ते मधलं चालणं आपण काढून टाकू.' पण काढायचं कसं ते त्यांना जमलं नाही, की नंतर ऐकताना त्यांना काढवेना, हे मला आजही ठाऊक नाही. ते राहिलं. तुझ्या सगळ्या गाण्यांत दर दोन ओळींनंतर ती खोली संपते. संध्याकाळपर्यंत कोथिंबीर पायांखाली चिरडून खोलीभर वास सुटला होता, आणि कॅसेट दोन्ही बाजूंनी भरली होती. परतताना एसटीत तू खिडकीशी बसून झोपलीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. इतके दिवस जी माझी भाकरी करणारी आई होती, तिच्या आत एवढं सगळं होतं आणि ते बाहेर यायला फक्त मागे सरकावं लागत होतं, हे मला तेव्हा शब्दांत कळलं नाही. नुसती भीती वाटली. देवळात गाभाऱ्याच्या दारात वाटते तशी.

नाव तूच सांगितलंस. 'लावणीची गाणी.' दुसरं काय असणार? कॅसेटवाल्यांनी ते नाव आणि गाणाऱ्यांची नावं मुंबईच्या छापखान्याला कळवली. गणपतीच्या तोंडावर ते स्वतः खोका घेऊन वाडीत आले, ओटीवर बसले, पण पाणी मागितलं नाही. मग त्यांनी एक कॅसेट काढून तुझ्या हातात दिली.

मुखपृष्ठावर एक नाचणारी बाई होती. अंगभर दागिने, कपाळाला चंद्रकोर, एक हात कमरेवर, एक डोळा बारीक केलेला, पायांत घोट्यापासून वर चढत गेलेले घुंगरू. मुंबईच्या चित्रकाराला लावणी म्हणजे एकच लावणी ठाऊक होती. त्याचा तरी काय दोष? आणि त्या बाईच्या घुंगरांच्या बरोबर खाली, सुबक अक्षरांत, तुझं नाव. सौभाग्यवतीने सुरू होणारं, आणि रीतीप्रमाणे तुझ्या नावाला लागून बाबांचं.

तू ते चित्र उजेडाकडे धरून पाहिलंस. काकीने तुझ्या खांद्यावरून मान काढली. 'मेलीच्या पोटऱ्या बघ गो, लोण्यासारख्या!'

'हिला चिखुल कदी लागला न्हाय,' तू म्हणालीस. आणि तुला हसू आलं. तुम्ही दोघी तोंडाला पदर लावून इतक्या हसलात की कॅसेटवाल्यांचा जीव जरा भांड्यात पडला. पण ओटीच्या पायरीवर बाबा उभे होते, पहिल्या पाळीवरून येऊन. त्यांनी ती कॅसेट आधीच पाहिली होती. खेडच्या दुकानात सकाळी लागली होती आणि दुपारपर्यंत कंपनीच्या कँटीनमध्ये पोचली होती. काय काय ऐकून ते आले असतील ते मला मोठेपणी काकांकडून कळलं. 'वहिनींचा फड कधी उभा ऱ्हातोय?' 'आमाला पुढची खुर्ची ठेवा.' बाबा शब्दाने कुणाला दुखवणारे नव्हते, आणि शब्दाला उत्तर देणारेही नव्हते. ते एवढंच म्हणाले, 'माजां नाव तिच्या पायाखाली छापलाव?'

कॅसेटवाले हात जोडून उठले. म्हणाले, मी सगळ्या परत घेतो. नवं मुखपृष्ठ करू, 'कोकणची शेतगाणी' असं नाव देऊ, वर नारळाची झाडं आणि समुद्र टाकू, छान दिसेल. तू त्यांचं सगळं ऐकून घेतलंस. 'आमच्या खाचरात नारळ कुठला?' तू म्हणालीस. 'आनि समुद्र मी अंजनवेलला गेली व्हती तवा बगितला, त्येवडाच. चित्र बदलत आसंल तर बदला. लावणी बदलू नका. फडवाल्यांनी त्यांच्या गान्याला ह्यो शब्द घेतला म्हनून आमचा ग्येला काय? आमी अजून चिखलातच हाव.'

ते म्हणाले, शब्द तोच ठेवला तर छापखाना चित्रही तेच देईल, आणि आधीचं छापलेलं खपल्याशिवाय नवं कुणी काढणार नाही. म्हणजे एकतर सगळं मागे घ्यायचं, नाहीतर हे असंच जाऊ द्यायचं. बाबा आत गेले, पाणी प्यायले, तांब्या हातात घेऊनच बाहेर आले. त्यांनी तुझ्याकडे न बघता सांगितलं, 'कॅसेट तरी ऱ्हाईल, नायतर ह्या घरात गानां तरी ऱ्हाईल. दोन्ही न्हाय.'

मला आजही तो ओटा दिसतो. कॅसेटवाले खोक्याचं झाकण धरून उभे.  मला वाटलं, तू आता रडशील, किंवा बाबांना काहीतरी बोलशील, किंवा म्हणशील, न्या ते खोकं परत. तू जमिनीवर सांडलेलं पाणी पायाने पुसलंस आणि म्हणालीस, 'कॅसेट ऱ्हाऊ दे.'

आणि तू गाणं बंद केलंस.

आये, त्या वयात मला ते कळलं नाही. मी तुझ्यावर चिडलेही होते. गौरी आल्या, बायकांनी फेर धरला, सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि तू आरतीचं ताट घासायला उचललंस. चुलीपुढे तुझे ओठ मिटलेले. भाकऱ्या एकदम सुरेख व्हायला लागल्या, एकही करपेना, आणि मला त्या गिळवेनात. बाबाही खाली मान घालून जेवत. त्यांना तू अशी शब्दाला जागशील असं वाटलं नसावं. माणूस रागाने काहीतरी मागतो आणि ते त्याला खरोखर मिळतं, तसं त्यांचं झालं होतं. आज मी या वयात त्या दिवसांकडे बघते तेव्हा मला तुझं धाडस दिसतं. घरातलं गाणं हे तुझं होतं, रोजचं होतं, श्वासासारखं होतं. कॅसेटमधलं गाणं दुसऱ्यांचं होणार होतं, तुला न दिसणाऱ्या माणसांचं, आणि तेही त्या डोळा मारणाऱ्या बाईच्या हातून. तू ते दुसरं निवडलंस. मागे काय आहे ते न बघता, नुसत्या पायांच्या भरवशावर.

मग कंपनीच्या बसमधलं ते झालं. काकाही त्याच बसने जायचे, आणि हे त्यांनी आपल्या ओटीवर इतक्या वेळा सांगितलं की मी स्वतः त्या बसमध्ये होते असं मला वाटतं. बसचा ड्रायव्हर घाटावरचा. त्याने चित्र बघून कॅसेट घेतली. सकाळच्या पाळीला बस भरली, माणसं अर्धी झोपेत, आणि तो ओरडला, 'उठा रं पाव्हणं, फक्कड लावणी लावतो!' शिट्ट्या झाल्या. कुणीतरी बाबांच्या बाजूला बघून खोकलं. बाबांनी रुमाल तोंडावर घेतला आणि झोपेचं सोंग केलं. टेप सुरू झाला. ना ढोलकी, ना पेटी. बांगड्या, आणि जमिनीवर घासत गेलेले पाय.

'आयला, हिची ढोलकी कुठं गेली?' ड्रायव्हर म्हणाला. आणि मग तुझा आवाज आला.

कंपनीच्या भोंग्यावर दादला माजा उठतो,
मी कोंबड्याला इचारतंय, तू कशापायी वरडतो?

बस फुटली म्हणे हसून. सगळे त्या भोंग्यावर उठणारेच होते. एकेकाला आपलीच बायको बोलल्यासारखं वाटलं. ड्रायव्हर मांडीवर ताल धरायला लागला. त्यानंतर ते मागे सरकण्याचं गाणं लागलं, आणि काका सांगायचे, 'बाय, मंग कोन हसला न्हाय.' बसमध्ये बसलेला प्रत्येकजण खाचरातून आलेला. प्रत्येकाच्या आईची पाठ त्यांना ठाऊक होती. पण रान उभं राहतं ते त्या पाठीमुळे, हे कुणी त्यांना कधी असं गाऊन दाखवलं नव्हतं. मधे गाणं थांबे, नुसतं चालणं ऐकू येई, तेव्हा बसमध्येही कुणी बोलत नसे. बाजू संपली, टेप खटकन बंद झाला. ड्रायव्हर म्हणाला, 'आता दुसरी कुठली तरी लावू का?' तेव्हा बाबा उठले. हलत्या बसमध्ये दांड्यांना धरत पुढे गेले, कॅसेट काढली, उलटी केली आणि घातली. 'दुसरी बाजू हाय अजून.'

'तुमाला काय ठाव?' ड्रायव्हरने विचारलं.

'माजांच नाव हाय तिच्यावर,' बाबा म्हणाले.

त्या दुपारी ते घरी आले तेव्हा आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं. ते नेहमीसारखे हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आले, पाटावर बसले. तू चहा पुढे ठेवलास. त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली, पण प्यायले नाहीत. 'त्या कोंबड्याच्या गान्यात,' ते बशीकडे बघत म्हणाले, 'दादला म्हंजे मी काय?'

तू चुलीत लाकूड सारलंस. 'न्हाय,' तू म्हणालीस, 'तुमी कोंबडा.'

बाबांच्या हातातली बशी हिंदकळली. ते असे हसले की गोठ्यातली म्हैस हंबरली. मी दाराआडून बघत होते. तू हसली नाहीस. तू वळून भांडी लावायला घेतलीस, आणि थोड्या वेळाने, पाठमोरी, अगदी बारीक आवाजात काहीतरी पुटपुटायला लागलीस. ती ओळ नव्हती अजून. पण बाबा चहा न पिता ते ऐकत बसले.

दुसरी कॅसेट तू केली नाहीस. कॅसेटवाले दरवर्षी यायचे, आणि तू दरवर्षी 'अजून झाली न्हाईत' म्हणायचीस. आजारात अंथरुणावर असतानाही तू तेच सांगितलंस, आणि ते उठून जाताना डोळे पुसत होते. पण ती एक कॅसेट कुठे कुठे गेली! चित्रापायी ती ट्रकवाल्यांनी घेतली, एसटीच्या ड्रायव्हरांनी घेतली, पानाच्या गाद्यांवर लागली. ज्यांना तमाशा हवा होता त्यांच्या हातून ती त्यांच्या आयाबहिणींच्या हाती आली. नारळ आणि समुद्र छापला असता तर ती खेडच्या पलीकडे गेली असती की नाही, देव जाणे. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी भरली गेली. नाव छापलेला कागद गळाला, आवाज पुढे गेला. काही वर्षांपूर्वी मी लिहिण्याच्या कामासाठी मंडणगडकडच्या एका गावात गेले होते. दिवस लावणीचे होते. माझ्या ओळखीचं तिथे कुणी नव्हतं. खाचरात बायका तुझं गाणं म्हणत होत्या. दोन ओळी झाल्या आणि सगळ्या एकदम थांबल्या. हात चालू, तोंडं मिटलेली. कुणीतरी एक श्वास टाकला. मग पुढच्या दोन ओळी. मी बांधावरून विचारलं, 'मधेच का थांबता हो?' त्या एकमेकींकडे बघायला लागल्या, तुम्ही श्वास का घेता असं विचारल्यासारख्या. एक म्हणाली, 'तां तसांच हाय. थांबल्याबिगर फुडचां येत न्हाय.' केवढं मोकळं रान होतं त्यांच्यामागे, आये. पार डोंगरापर्यंत. आणि त्या खेडच्या त्या खोलीच्या भिंतीपाशी थांबत होत्या. मी बांधावर खाली बसले. 

मग यंदा रत्नागिरीत एका कार्यक्रमाला गेले होते, मैत्रिणीबरोबर. कॉलेजच्या मुली लोकगीतं म्हणणार होत्या. निवेदिकेने सांगितलं, 'आता एक पारंपरिक लावणीगीत, रचनाकार अज्ञात.' आणि मुलींनी तुझं मागे सरकणं सुरू केलं. मैत्रिणीला सगळं माहीत आहे. तिने मला कोपराने ढोसलं, 'उठ, सांग!' मी उठले नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यातली एक मुलगी आमच्याजवळून चालली होती. ती थांबली. 'काकू, तुम्ही ओठ हलवत होतात. तुम्हाला येतं हे?'

'येतं थोडं,' मी म्हटलं.

'फार जुनं आहे,' ती म्हणाली, मला समजावून सांगावं तशी. 'आमच्या पणजीच्याही आधीचं.'

भोंग्याच्या गाण्याबद्दल असं म्हणाली असती तर जागच्या जागी पकडली गेली असती; पणजीच्या काळात कंपनीचा भोंगा कुठला? मी म्हटलं, 'असेल.'

मैत्रीण रस्ताभर माझ्यावर रागावली होती. तिला वाटलं मी भिडेने गप्प राहिले. तसं नव्हतं. त्या क्षणी मला ते खरंच वाटलं. वाटलं, हे गाणं पणजीच्याही आधीचं असणार. पहिल्यांदा कुणीतरी चिखलात रोप खोवलं तेव्हापासूनचं. आणि माझ्या आईने ते केलं, हे मी लहानपणी पाहिलेलं एखादं स्वप्न असेल.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायची सोय असती तरी मी ते टाकलं नसतं. जोडाक्षर आलं की तू कागद काकीच्या हातात द्यायचीस, आणि काकी आता तिकडेच आहे. तिने हे साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं असतं. आणि मग सगळ्यांना कळलं असतं की तुझी मुलगी तुझं नाव सांगायला उठली नाही, आणि घरी परतताना ती आनंदात होती.